डोक्यावरची पवनचक्की

रुआँ, १२ फेब्रुवारी १७७७

चि. सौ. सिदोनीस,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला गेला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त मान वळत नाही. आमचे हे, आर्मां, जाऊन दीड वर्ष झालं, घर नुसतं खायला उठतं. नाताळात येते म्हणालीस, आली नाहीस. राग नाही हो माझा. (होता. आता उतरलाय.)

तर मान का वळत नाही ते सांगते. गेल्या सोमवारी केस बांधणारे मस्यू बास्तियाँ आले. त्यांनी लोकरीच्या गाद्या, डुकराची चरबी, पीठ आणि दुसऱ्याच कुणाचे तरी केस (कुणाचे ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस) घालून माझ्या डोक्यावर हातभर उंच डोलारा उभा केला आणि वर चक्क पवनचक्की बसवली! मान हलवली की पाती फिरतात. तीन आठवडे हे मोडायचं नाही, म्हणून झोपायचं ते खुर्चीत बसूनच. खाजवायला हस्तिदंती काडी आहे. मोलकरीण ब्रिजित म्हणते, "बाईसाहेब, पिठाच्या वासानं उंदीर येतील हो!" म्हटलं, "येऊ देत गं, कुणीतरी येईल घरी."

काल न्यायाधीशांच्या मादाम दुफ्रेनकडे जेवायला गेले. बग्गीत डोलारा मावेना, शेवटी खाली गुडघे टेकून बसले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, बाई पापं कबूल करायला निघाल्यात. (पापं करायलाही सोबत लागते, ती इथे कुठली?) तिथे बदकाचं जेवण होतं. मी मान डोलावली, पाती फिरली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एकूण काय, मजेत आहे. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझी,
आपोलीन

ता. क. बदक नव्हतं. आमंत्रणही नव्हतं. गावाला एक फेरी मारून घरी आले.

पुन्हा ता. क. मस्यू बास्तियाँना हे बांधायला साडेचार तास लागतात. तेवढा वेळ कुणाचे तरी हात डोक्यावर असतात, आणि मधूनमधून ते विचारतात, "दुखतंय का?" एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप, सिदोनी. सोडवायला मात्र त्यांना येऊ नका म्हणून कळवलंय. तू ये. गुंता फार झालाय. दुखतंय का विचारलंस तर मी दुखतंय म्हणेन, म्हणजे तू सावकाश सोडवशील.