अपोलोनियाच्या नावाचा दगड

मी, अल्विना ब्रॉकश्मिट, वय एक्याऐंशी, राहणार वाल्डहाइम, मिसूरी, डोकं ठिकाणावर असताना (डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, माझा धाकटा भाऊ रुडी याचं मत वेगळं आहे) आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्या पश्चात करायची व्यवस्था लिहून ठेवते.

१. उतारावरचं दगडी घर सामानासकट माझी भाची लोरीन हिला द्यावं. रुडीची मुलगी असूनही बापाला न सांगता तिनं मला घराण्याचे जुने कागद शोधायला गावोगावच्या चर्चमध्ये आणि कचेऱ्यांत गाडीनं फिरवलं.

आमचे मूळपुरुष गेरहार्ट यांनी जर्मनीहून येऊन इथलं पहिलं झाड तोडलं, असं घराण्यात सांगतात. जहाजाच्या यादीत निघालं भलतंच: गेरहार्ट वाटेतच तापानं गेले. न्यू ऑर्लिन्सला उतरली त्यांची बायको अपोलोनिया, तीन पोरांसह. जमिनीचं खरेदीखतही तिच्याच नावाचं. झाड तोडलं असेल तर तिनं.

हे मी घराण्याच्या मेळाव्यात सांगितलं. अध्यक्ष रुडी लालबुंद झाला.

"ताई, आजवर त्याच्या नावानं बिअर प्यायलो, आता काय ताक प्यायचं?"

"बिअरच पी की! फक्त नाव बदल."

सगळे हसले. रुडी उठून गेला, तो कित्येक ईस्टर माझी पायरी चढला नाही.

२. आईचं सॉसेज भरायचं यंत्र रुडीच्या बायकोनं, एर्नानं, 'चार दिवसांसाठी' नेलं होतं. ते आता तिचंच समजावं. मागून मागून मी थकले.

३. बँकेतली सगळी शिल्लक अपोलोनियाच्या थडग्यावरच्या दगडासाठी खर्चावी. चर्चच्या आवारात गेरहार्ट यांच्या दगडाखाली कोणीच नाही आणि शेजारी अपोलोनिया आहे, तर तिच्यावर दगड नाही.

४. गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत दुखलं, तेव्हा रुडी आला. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसला.

"नवऱ्याला समुद्रात सोडलेलं, तीन पोरं, भाषा येत नाही. ती परत का नाही गेली गं, ताई?"

"कुठल्याच कागदात ते लिहिलेलं नाही, रुडी."

"मग दगडावर काय लिहायचं?"

रुडी जन्मभर पाथरवट. काय लिहायचं ते त्यानंच ठरवावं, त्यानंच कोरावं. शुद्धलेखन मात्र लोरीननं तपासावं.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला, तो मला मान्य आहे. रुडीला साक्षीदार व्हायचं होतं. घरचा साक्षीदार चालत नाही असं वकील म्हणाले, म्हणून रुसलाय; पण जेवायला थांबलाय.

सही: अल्विना ब्रॉकश्मिट
साक्षीदार: १. ओटमार फेल्डवेर्थ, शेजारी
२. क्लारिसा निएनह्युसर, चर्चमधील वादक
वाल्डहाइम, मिसूरी
१४ ऑक्टोबर १९८७