बोटभर जागा

३ मे

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तू डोंगरावर गेल्यापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट आपटून ठेवते, त्यावरून काय ते समजायचं. कवितांनी पोरीचं डोकं मीच फिरवलं, असं तिचं म्हणणं.

दुकानात तुझ्या बाबाच्या पायाचा लाकडी साचा, ज्यावर मी त्याचे बूट शिवले तो, अजून खुंटीवर आहे. तो त्या डोंगरावरून परतला नाही, तेव्हापासून एकवीस वर्षं धूळ पुसतोय. त्या काळी तागाचा दोर, खिळे ठोकलेले चामडी बूट आणि लोकरीचे मोजे, एवढ्यावर माणसं आभाळाला भिडायची. शाळेत पाठ केलेल्या कवितांत शिखर नेहमी हाक मारायचं. वर हवा पातळ असते, हे मात्र एकाही कवितेत नव्हतं.

परत ये गं. मोठ्यांनी लहानांच्या पाया पडू नये म्हणतात, पण पडतो.

तुझा काका

१४ मे

ती. काकांस सा. न. वि. वि.

इथे शाई गोठते, म्हणून पेन्सिल. तुमच्या पत्रात कवितेची एकही ओळ नाही! तब्येत बरी आहे ना?

गेल्या वर्षीच्या तुकडीला बाबा दिसले. शिखराखाली ‘खांदा’ म्हणतात तो कडा आहे, त्याच्या वर दोन तासांवर. खडकाला टेकून बसलेत. मी जाणार. आईसाठी त्यांचं घड्याळ आणणार, त्यांच्यावर दगड रचणार.

एक विचारू? त्यांचा चढाईतला जोडीदार सांगतो, पाय बधिर झाले म्हणून ते सारखे खाली बसत होते. बूट तर तुमच्या हातचे, सगळे वाखाणायचे. मग असं का झालं?

आईला सांभाळा.

तुमची टिटवी

२२ मे

चि. टिटवीस अ. आ.

बूट माझेच. चपखल बसले पाहिजेत ही माझी मिजास. दुहेरी मोज्यांना जागा ठेवली नाही. उंचावर पाय सुजतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्याने तळावरून लिहिलं होतं, ‘दादा, बोटांना कळ लागते, आतलं अस्तर कापू का? तू हो म्हटल्याशिवाय तुझ्या कामाला सुरी लावणार नाही.’ आणि मी काय पाठवलं? आठ ओळी. स्वतः रचलेल्या. चामडं चालून सैल होतं, धीर धर, अशा अर्थाच्या. यमक जुळलं म्हणून पोस्टात टाकण्याआधी दोनदा मोठ्याने वाचल्या.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणून आता कविता नाही. नाड्या सैल ठेव. एक वाजला की असशील तिथून फिर. बाबा एकवीस वर्षं बसलाय, आणखी बसेल. घड्याळ नको. तू हवीस. ऐक माझं, ऐक.

काका

४ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

खाली आले. दवाखान्यात आहे. डाव्या हाताची दोन बोटं काळी पडलीत, उजवा शाबूत आहे.

तुमचं पत्र शेवटच्या तंबूत मिळालं. एक वाजता आम्ही जेमतेम खांद्यावर पोचलो होतो. वाऱ्यात उभं राहवेना. तिथूनच फिरले, रडत फिरले.

आणि काका, बाबांचे बूट पाहिले. अस्तर पार बोटांपर्यंत कापलेलं आहे. त्यांनी तुमच्या कवितेला भीक घातली नव्हती. आता तो साचा खुंटीवरून काढा.

टिटवी

१३ जून

चि. टिटवीस अ. आ.

तू एक वाजता खांद्यावरून फिरलीस. बूट तिथून दोन तास वर. दुर्बिणीतूनही बुटातलं अस्तर दिसत नाही, पोरी. थाप मारण्यात अगदी बाबावर गेलीस. तोही तिथून लिहायचा, इथे ऊन छान आहे.

ते वाक्य मी चार वेळा वाचलं. खोटं आहे हे कळूनही पुन्हा वाचलं.

साचा काढलेला नाही. शेजारी तुझा लावायचाय. दोन मोजे घालून पायाचं माप पाठव, वर बोटभर जागा मी ठेवीन. बूट घातलेस तर गल्लीत घाल.

तुझ्या आईला काल सगळं सांगितलं. आठ ओळींचंही, तुझ्या थापेचंही. मग तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. आवाज झाला नाही.

लोभ आहेच, तो घ्यायला घरी ये.

काका