डोक्याकडची डावी कडी

मी, शवपेट्या बनवणारा सुतार, विधुर, वय उतरलेलं पण डोकं शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षाने, लिहू नकोस म्हणून बराच जोर लावला.

माझं राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती एक लेक आणि तिच्याशी संसार करणाऱ्या चित्रकलेच्या बाई, या दोघींना समान हिश्शाने मिळावी. 'संसार करणाऱ्या' हे शब्द वकिलांनी खोडले होते. मी परत घातले.

दोघी घर कसं चालवत असतील याचं मला भारी कुतूहल होतं. विचारणार कुणाला? शेवटी दाराच्या बिजागऱ्या बघायच्या निमित्ताने गेलो. ओला टॉवेल खुर्चीवर कोणी टाकला, यावरून त्यांची जुंपली होती. जेवणाआधी बाईंनी प्रार्थना केली, ती इतकी लांबली की लेक एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होती. माझा आणि बायकोचा संसार काही याहून वेगळा नव्हता. बिजागऱ्या ठणठणीत होत्या.

माझी पेटी मीच बनवली आहे. ती दुकानात मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. आमच्या चर्चच्या मंडळीची रीत अशी, की डोक्याकडच्या दोन कड्या थोरल्या अपत्याने आणि त्याच्या जोडीदाराने धरायच्या. बायको गेली तेव्हा उजवी लेकीने धरली, डावी कमिटीने पुतण्याला दिली. बायकोचं सगळं आजारपण ज्यांनी काढलं, त्या बाई चर्चच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. ते मला फार लागलं, अजून लागतं.

माझी डावी कडी बाईंनी धरावी. त्या ठेंगण्या आहेत, म्हणून ती त्यांच्या हाताच्या मापाने खाली बसवली आहे. दुसऱ्या कुणी उंच माणसाने धरली तर पेटी कलंडेल, हे कमिटीने ध्यानात घ्यावं.

दादा म्हणाला, "लग्न लागलेलं नाही, मग जोडीदार कसली?"

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "क्रुसावरून प्रभूने आपली आई शिष्याच्या हवाली केली. ना रक्ताचं नातं, ना लग्नाचं. त्याने तिला घरी नेलं, तेव्हा कुणी दाखला मागितला होता का?"

ते म्हणाले, "मी अजून शोधतोय हो. पण कडीच्या आड मी येणार नाही." मला एवढं पुरे आहे.

कमिटी आडवी आलीच, तर पेटी दुकानातून सरळ सरकारी दफनभूमीत न्यावी. बायकोच्या शेजारची जागा हुकेल. जीव तुटतो, तरी चालेल.

हत्यारं लेकीला. मोठा रंधा दादा दरवेळी नेतो आणि धार घालवून परत करतो. दादा या कागदाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून तो आजच त्याच्या हातात दिला. परत करायची कटकट मिटली.

त्या दिवशी कोण कुठे उभं राहतं, ते मला दिसणार नाही. एवढीच रुखरुख आहे.

ठिकाण: माझं दुकान, कामाचं मेज.
तारीख: रविवार, उपासनेनंतर, बाकी वकिलांच्या शिक्क्यावर आहे.

लिहून ठेवणार: पेटीवाला (सही)

साक्षीदार पहिले: मंडळीचे पाळक (सही)

साक्षीदार दुसरे: थोरला भाऊ (सही). भाऊ पूर्ण शुद्धीत आहे, एवढीच माझी साक्ष. डाव्या कडीचं मला पटलेलं नाही. पायाकडची एक कडी मात्र माझी. मीही आता वाकलोय, तीही जरा खाली बसव.