तारेवरचा कागद

प्रिय टिटवे,

तुझी निवडचाचणी आजपासून बरोबर बारा दिवसांवर आहे आणि गेले तीन आठवडे मी तुझा एकही तास घेतलेला नाही. पहिल्यांदा सर्दीचं कारण सांगितलं, मग नळ दुरुस्त करणाऱ्याचं, आणि परवा तर खांदा धरलाय म्हणाले. खांदा ठणठणीत आहे. नळही कधी गळत नव्हता. मावशी, डॉक्टरला दाखवलंस का, असं तू काळजीने विचारलंस आणि मी हो म्हणाले. तेवढं एक खरं होतं, फक्त डॉक्टर खांद्याचा नव्हता. हे फोनवर सांगायला गेले असते तर तुझ्या पहिल्या 'अगं'लाच माझं अवसान गळालं असतं, म्हणून लिहितेय. मी घाबरले आहे गं. सकाळी व्हायोलिनची पेटी उघडायची म्हटलं की मी आधी हात धुते, पुन्हा चहा टाकते, खिडकीच्या काचा पुसायला घेते. या घराच्या काचा आजवर इतक्या स्वच्छ कधी नव्हत्या.

सुरुवात वाद्यवृंदात झाली. माझ्या शेजारी बसून एकाच स्टँडवरून वाजवणारा तो काटकुळा तुला माहीत आहे, ज्याला आम्ही सगळे लवंग म्हणतो. आमच्यात एक रीत आहे. जिथे घसरायला होतं तिथे कागदावर पेन्सिलीने छोटा चष्मा काढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी डोळे उघडे राहतात. विसराळू डोक्याच्या लोकांसाठी ही उत्तम सोय आहे. तर दोन महिन्यांपूर्वी लवंगने आमच्या कागदावर वरच्या एका सुरावर चष्मा काढला. मला वाटलं, स्वतःसाठी काढला. मी त्याला चिडवलंसुद्धा, की वय झालं वाटतं तुझं. तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच ओळीत आणखी दोन चष्मे आले. चष्म्यांचं दुकान काढलंयस का, असं विचारून मी ते खोडरबराने पुसून टाकले.

मग संचालकांनी एका सकाळी आम्हाला मध्येच थांबवलं. वर कोणाचा तरी सूर चढा लागतोय, म्हणाले. मी वळून मागच्या रांगेतल्या नव्या मुलीकडे पाहिलं. असं पाहिलं, की बिचारी लाल झाली. दुसऱ्यांदा थांबवलं तेव्हाही मी तिच्याकडेच पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोघादोघांना वाजवायला लावलं. आमची पाळी आली, ती जागा आली, आणि लवंगने आपला गज इतका दाबून ओढला की माझा आवाज त्याच्याखाली झाकून गेला. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. चष्मे कोणासाठी होते ते मला तेव्हा कळलं. घरी येताना मी जिन्यात बसले आणि बराच वेळ उठले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तेच सुरू केलं जे तुला सांगत आले. एक एक सूर, लांब गज, घाई नाही. समोर ती सूर मोजायची काट्याची डबी. जाड तारांवर सगळं ठीक होतं. पण बारक्या तारेवर तिसरं बोट टेकवलं की माझा कान म्हणे बरोबर आणि काटा म्हणे चढा. तिथून वर गेले की काटा आणखीच झुके. मी डबीचे सेल बदलले. मग डबी बदलली. शेवटी नाइलाजाने बोट मागे घेतलं, काटा मधोमध आला आणि जो सूर ऐकू आला तो मला उतरलेला, बेसूर वाटला. रोज सकाळी दोन तास मी हे केलं. डोळे काट्यावर ठेवले की बोट नीट पडे, डोळे मिटले की पुन्हा पुढे सरके. आयुष्यभर मी डोळे मिटून वाजवलं. आता डोळे मिटायची मला भीती वाटते.

कान तपासणाऱ्या बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी इतकी घाबरले होते की आवाज नसतानाही बटण दाबत होते. त्यांनी दोनदा समजावलं, की अहो, ही परीक्षा नाही. मग एक सूर आधी उजव्या कानात दिला, नंतर डाव्या कानात, आणि विचारलं, काय फरक वाटतो. मी म्हटलं, दुसरा सूर वेगळा दिलात, तो उतरला आहे. त्या म्हणाल्या, सूर एकच होता. तुमचं यंत्र बिघडलंय, असं मी त्यांना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, आजच तपासलंय. डावा कान, टिटवे. ज्या कानाखाली चाळीस वर्षं व्हायोलिन धरलं तोच. वाढत जाईल का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आता नळाची धार, दाराची घंटा, तुझ्या आईचा आवाज, जे ऐकेन ते मी आधी या कानाने आणि मग त्या कानाने ताडून पाहते. वेड लागायची पाळी आली आहे.

तुला आठवतं, तू सात वर्षांची होतीस आणि तुझं वाजवणं ऐकून शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे? टिटवी हे नाव तेव्हाचं. तेव्हा मी तुला कागदाची गंमत दाखवली होती. वहीच्या कोपऱ्याचा एवढासा तुकडा छपरासारखा दुमडायचा आणि शेजारच्या मोकळ्या तारेवर बसवायचा, मधोमध नाही, पाव अंतरावर. बारक्या तारेवर तिसरं बोट नेमक्या जागी पडलं, की न छेडलेली ती शेजारची तार आपली आपणच थरथरते आणि कागद टुणकन उडतो. केसभर इकडेतिकडे झालं तर ढिम्म हलत नाही. कागद उडाला की तू व्हायोलिन टाकून टाळ्या पिटायचीस आणि मी ओरडायचे, आधी वाद्य खाली ठेव.

नंतर तू संगीतशाळेत गेलीस आणि गेल्या वर्षी चाचणीच्या तयारीसाठी पुन्हा माझ्याकडे आलीस. ताईने दारातच सांगितलं होतं, हिला तुझ्या हातात देतेय, दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही. तू पेटी उघडलीस तर आत त्या कागदाचे तीन-चार तुकडे होते. मला हसू आलं. म्हटलं, हा पोरखेळ बंद, आता कानाने वाजव. आठ महिने तू माझं ऐकलंस. व्हायोलिन दाबून मानेवर वळ उठेपर्यंत ऐकलंस.

गेल्या रविवारी मला तो कागद आठवला. काट्यात सेल असतात, कागदात काही नसतं. मी एक तुकडा दुमडून तारेवर बसवला आणि माझ्या कानाला जिथे बरोबर वाटतं तिथे बोट ठेवून गज ओढला. कागद जागचा हलला नाही. बोट मागे घेतलं, आणखी थोडं मागे घेतलं, आणि तो उडून माझ्या मांडीवर पडला. मी बोट उचललं नाही. ती जागा मी ओळखली. माझ्याकडे परत आलीस तेव्हा तुझं बोट तिथेच पडत होतं.

हे पत्र त्याचसाठी आहे. वर ने, आणखी वर ने, असं म्हणून आठ महिने मी तुझं बरोबर पडणारं बोट चुकीच्या जागी नेलं. एकदा तू हळूच म्हणाली होतीस, मावशी, पण कागद तर इथे उडतो. मी तुझ्यावर खेकसले होते, की आता कागद मला शिकवणार का? तू रडलीस आणि बोट पुढे घेतलंस. त्या दिवसापासून तू तुझ्या कानावर विश्वास ठेवणं सोडलंस, आणि ते मी तुझ्याकडून करवून घेतलं. बारा दिवसांत जुनं बोट परत येईल की नाही, मला खरंच माहीत नाही, आणि माझ्या कानापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. ताईला मी स्वतः सांगेन, सोमवारी संचालकांनाही. त्या मागच्या रांगेतल्या मुलीचीही माफी मागायची आहे. तुझी माफी मी आत्ता मागत नाही, तुझ्यापाशी त्याला वेळ नाही. तुझ्या व्हायोलिनच्या पट्टीवर तिसऱ्या बोटासाठी मी पांढऱ्या पेन्सिलीने केलेली खूण आहे ना, ती ओल्या फडक्याने पुसून टाक. पाकिटात रविवारचा कागद ठेवला आहे. तो तारेवर बसव आणि जिथे उडेल तिथे थांब, मी काहीही म्हटलेलं असलं तरी.

तुझीच,
मावशी