शेजारणीसाठी मेणबत्ती

सॅन अँटोनियो, मंगळवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नोएमीचा पापा. मी मजेत आहे. तू पाठवलेले तमाले एका दिवसात फस्त केले. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल चर्चमध्ये चाळीस जणी तपासणीला आल्या. एक आजी म्हणाल्या, "माझ्या पोरीला कळवू नकोस हं, उगाच घाबरेल." मी त्यांना चांगलंच झापलं.

आणि आज धाकटीचा फोन. छातीतल्या गाठीसाठी जिला साकडं घालतात, त्या सांता आगेदाची मेणबत्ती तू रोज स्वयंपाकघरात लावतेस म्हणे. शेजारणीसाठी!

आई, कॅन्सरच्या तपासणीला चला म्हणून वीस वर्षं मी आपल्या बायकांना दारोदार विनवतेय. ती मेणबत्ती सगळ्याच जणी शेजारणीसाठी लावतात.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतेय. चपला घालून तयार राहा.

तुझी घाबरलेली पोर,
नोएमी