धुतलेला स्पंज

दादा,

मी आज लवकर निघतेय. मासे वर येऊन तोंड वासतायत, पण ते भुकेने नाही, पाणी बिघडलंय म्हणून; तेव्हा खायला अजिबात घालू नकोस. काल तू फिल्टरचा स्पंज नळाखाली घासलास आणि काळ्या पडल्या म्हणून त्यातल्या सगळ्या चिनीमातीच्या रिंगा फेकून दिल्यास. अरे, पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्या काळपट थरातच राहत होते!

दुकानातल्या नव्या रिंगांचा भाव ऐकून मी मुकाट्याने परत आले. त्याऐवजी भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या कोऱ्या घासण्या फिल्टरमध्ये भरल्यात. जिवाणूंना बसायला खाचाखोचा हव्यात, मग त्या स्वस्तातल्या का असेनात. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडच्या माशांच्या टाकीतला मळका स्पंज मागून आणला आणि घासण्यांवर पिळला. आता महिनाभर फिल्टरला हात लावलास तर याद राख. दुपारी दोनला पाव टाकी पाणी तेवढं बदल. बादली कालपासून भरून ठेवलीय.

दुपारी दोन हे चुकून लिहिलेलं नाही. काल सकाळी मी तुझ्यानंतर निघाले तेव्हा फिल्टर मळका होता आणि तुझ्या आधी घरी आले तेव्हा लख्ख. किल्ल्या आपल्या दोघांकडेच आहेत. तुझ्या ऑफिसात फोन करणार होते, पण नाही केला. तूच सांग.

डबा ओट्यावर आहे. तो बॅगेत घालून दिवसभर रस्त्यावर फिरू नकोस. इथेच, टाकीसमोर बसून खा.

बारकी