राहिलेलं निम्मं

प्रिय ताई,

निकाल लागला. कोर्सवर्कचे सगळे विषय सुटले, अगदी तो अल्गोरिदमसुद्धा, ज्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. नियमाप्रमाणे आता प्रबंधाला हात घालता येतो. आईला सांग, पण आधी खुर्चीत बसव, नाहीतर आनंदाच्या भरात काठी सोडून उठेल.

एक गंमत सांगायची राहिली. माझा प्रोग्रॅम एक्स-रे बघून हाड मोडलंय का ते जवळजवळ बिनचूक ओळखतो म्हणून मी वर्गभर मिरवत होते, आठवतं? तू फोनवर आईच्या गोळ्या काढता काढता म्हणालीस, की इतकं छान आलंय म्हणजे नक्की घोळ आहे. प्रोग्रॅमला शिकवायला वापरलेल्या पेशंटचेच एक्स-रे त्याच्या परीक्षेतही नाहीत ना, ते बघ. मी फणकारले. बघितलं तर तेच! म्हणजे मुलांना पेपर आधीच वाटून वर त्यांच्या हुशारीचं कौतुक. सगळं पुन्हा केलं. अचूकतेचा आकडा धाडकन खाली आला, पण आता तो खरा म्हणून माझे मार्गदर्शक सर मात्र खूश. हे कुणी पकडलं, असं त्यांनी विचारलं. तुझं नाव घेतल्यावर खुर्चीत सरळच बसले. म्हणाले, ती मागच्या बाकावरून माझ्याही चुका काढायची.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या गुणांनी तू कोर्सवर्क संपवलंस. प्रबंधाचा विषय ठरला आणि त्याच आठवड्यात आई जिन्यावरून पडली. तू शीक, माझं होईल नंतर, असं म्हणून बॅग भरलीस नि घरी गेलीस. त्यावर पुन्हा अवाक्षर नाही. मी विषय काढला की तू माझ्या जेवणाची चौकशी करतेस. मला याचा राग येतो, ताई, खरंच येतो.

फोनवर तू मला गुंडाळतेस, म्हणून हे लिहून कळवतेय. मी ऑफिसात विचारून आले. या सत्राअखेर प्रबंधासाठी नाव नोंदवलं नाही, तर तुझं कोर्सवर्क बाद होईल. सगळे विषय पहिल्यापासून! सरांना यंदा प्रबंधासाठी एकच विद्यार्थी घेता येतो. ती जागा माझी होती. मी ती तुझ्यासाठी मागितली आणि त्यांनी दिली. माझं कोर्सवर्क ताजं आहे, ते थांबेल. तुझं थांबणार नाही. शनिवारी मी घरी येतेय. गोळ्या, व्यायाम, डॉक्टर, आईची कुरकुर, सगळं माझ्याकडे. रविवारी तू निघायचंस. आईला विचारल्याशिवाय कसं, असं म्हणशील, तर तिला मी निकाल लागायच्या आधीच विचारलंय. ती म्हणाली, घालव बाई तिला एकदाची, जा म्हणून मी रोज तिला सांगायचं ठरवते आणि तिने हात धरून उठवलं की माझ्याच्याने सांगवत नाही.

तुझीच,
तू ठेवलेल्या नावाला जागून पिच्छा न सोडणारी,
भुंगा